जुळ्या भोकांचं झाकण

१

"साहेब, माझ्या बानं विमान चोरलं का नाय, तेवढं एकदा सांगून टाका," चिमणाबाई म्हणाली, आणि लुगड्यात गुंडाळलेला चोरीचा माल तिनं टेबलावर मेथीच्या जुडीशेजारी ठेवला.

वाल्मीक खैरनार चहाचा घोट तोंडातच धरून बसले. ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याची जोडकामं तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. रिटायर होऊन वर्ष झालं, तेव्हापासून तपासायला बायकोचा स्वयंपाक तेवढा उरला होता. त्यात रोज खोड काढून त्यांनी आशाताईंना पुरतं वैतागून सोडलं होतं. म्हणूनच पंचवटीच्या बाजारात रानभाज्या विकणाऱ्या चिमणाबाईनं आपलं दुखणं सांगितलं, तेव्हा आशाताईंनी परस्पर कबूल करून टाकलं, "आमचे हे बघतील. रिकामेच आहेत."

लुगड्याची गाठ सुटली. आत होतं कणगीचं झाकण. हात-सव्वा हात लांबीरुंदीचं, दोन्ही बाजूंनी शेणानं सारवलेलं. वाल्मीकरावांनी चमच्याच्या दांड्यानं शेण खरवडलं, तर खालून अॅल्युमिनियम चमकलं. चमचा चांगल्यातला होता, पण आशाताई या वेळी काही बोलल्या नाहीत.

"पेठकडं आमचं खिरमाळ," चिमणाबाई सांगू लागली. "तिथं वाघदेवापाशी आमच्या मेलेल्या माणसांचे चिरे रांगेत उभे हाय. माझ्या बाचा चिरा चाळीस वर्सं घराच्या मागं भिताडाला टेकून हाय. चोराचा चिरा रांगेत बसत नाय. आता आखाजीच्या सनाला तिथं सिमेटचा ओटा होनार. सिमेट वाळलं का मंग कुनाचाच चिरा बसायचा नाय. सहा आठवडे ऱ्हायले, साहेब."

वाल्मीकरावांचं अर्धं लक्ष पत्र्याकडे होतं. कडेनं रिव्हेटींच्या, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, भोकांची रांग होती. त्यांची बोटं सवयीनं तिच्यावरून चालत गेली आणि एका कोपऱ्यात अडखळली. तिथं दोन भोकं एकमेकांना चिकटून होती, अगदी जुळी. ही भोकं आपण आधी कुठंतरी चाचपली आहेत, असं बोटांना वाटलं. डोक्याला मात्र काही आठवेना.

"हाई काय शे?" ते पुटपुटले. विचारात पडले की ते नामपूरच्या घरच्या बोलीत शिरत.

"विमानाचं हाय का?" चिमणाबाईनं भीत भीत विचारलं.

"विमानाचंच आहे. पोटाचा पत्रा."

तिचा चेहरा उतरला. पन्नास वर्षं ज्याची धास्ती होती ते अखेर कुणीतरी तोंडावर बोललं होतं. ती झाकण परत गुंडाळू लागली.

"थांबा हो आक्का," वाल्मीकराव म्हणाले. "पत्रा विमानाचा आहे, पण हा चोरानं काढलेला नाही."

२

हकीकत अशी होती. पंचेचाळीस साली मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात एक बॉम्बफेकी विमान इंजिन बिघडून खिरमाळच्या माळावर पोटावर घसरत उतरलं. आतली दोन माणसं धडधाकट बाहेर आली. सरकारनं चिमणाबाईच्या बापाला, सहादूला, राखणीला बसवलं. शिमगा झाला तसं सगळं गाव दरवर्षीप्रमाणे खाली निफाडकडे मजुरीला गेलं. आठ वर्षांची चिमणाही आईबरोबर गेली. माळावर उरला एकटा सहादू.

जेठात गाव परतलं, तर विमान गायब! वर शेतांचे बांध फुटलेले. दिवाळीनंतर लष्कराची माणसं मोडतोड न्यायला बैलगाड्या घेऊन आली, आणि सहादूला धरून घेऊन गेली. कोर्टात सहादू एवढंच सांगत राहिला, "शिपाई खेचरं घिऊन आले. त्यांनी त्ये नीट केलं. मंग त्ये उडून गेलं." असा हुकूम कुठल्याच दप्तरात सापडला नाही. खेचरंवाली तुकडी तोवर मोडली होती, तिचे गोरे साहेब बोटीनं मायदेशी गेले होते. सगळं कोर्ट हसलं. सहादूला एक वर्षाची सजा झाली.

गावाचं म्हणणं सरळ होतं: सहादूनं विमान तोडून मनमाडच्या यादवशेठ भंगारवाल्याला विकलं, आणि त्याच्या गाड्या जाव्यात म्हणून आमचे बांध फोडले.

"आता हे बघा," वाल्मीकरावांनी पत्रा उजेडात धरला. "चोराला घाई असते. तो छिन्नी मारतो, पत्रा ओरबाडून काढतो, भोकं फाटतात. इथं एकेक रिव्हेट बरम्यानं अलगद पोखरून काढलीय. भोकं कशी गोल आहेत! हे शिकलेल्या हाताचं काम. आणि एवढी मेहनत माणूस एकाच वेळी घेतो, खालचा सांगाडा शाबूत ठेवायचा असतो तेव्हा."

"म्हणजे सहादूबाबा सुटले!" आशाताई म्हणाल्या.

"नाही. शिकलेली माणसं चोरांना सामील असतील तर? आक्का, हा पत्रा पोलिसांना कसा नाही सापडला?"

"बानं कणगीवर ठिवला आन् शेनानं सारवला. पोलीस आले तवा त्यांनी कणगीत हात घालून बघितलं, झाकन बाजूला ठिवून." चिमणाबाईनं पत्र्याकडे बोट केलं. "पन साहेब, चोरलं नव्हतं तर लपवलं कशाला? ह्योच इचार माझा जीव खातो."

प्रश्न खरा होता, आणि वाल्मीकरावांनी तो तसाच बाजूला ठेवला. विमानाचं नाव मात्र त्यांनी अडीच आठवडे जुनी पुस्तकं चाळून शोधून काढलं: व्हेंजन्स. सूर मारून बॉम्ब टाकणारं, दोन माणसांचं. इतकं दुर्मीळ, की देशात त्याचा सांगाडाही उरला नसेल असं पुस्तक लिहिणाऱ्याला वाटत होतं.

राहता राहिलं मनमाड.

३

यादवशेठ केव्हाच गेले होते. त्यांचा मुलगा फकिरा, सत्तरीचा, स्टेशनाजवळच्या दुकानात लोखंडाच्या ढिगात बसला होता. विमानाचं नाव काढताच भडकला.

"पुन्हा तेच? लोकांनी आमच्या वडलांना फुकटात बदनाम केलं, साहेब. बसा, बसा. त्या डब्यावर बसा, मजबूत आहे."

वाल्मीकराव पत्र्याच्या चौकोनी डब्यावर बसले.

"मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो, वडलांबरोबर गेलेलो. लष्करानं आम्हाला भाड्यानं नेलं होतं, सामान वाहायला. सात बैलगाड्या! डोंगर चढून वर गेलो तर मैदान साफ. विमानाच्या नाकावरचा एक वाकडा पंखा तेवढा पडलेला. तो लष्करवाल्यांनी एका गाडीत टाकला आणि सहा गाड्या रिकाम्या आल्या. विमान आमच्याकडे आलं असतं, तर मी आज या भंगारात बसलो असतो का?"

"पंखा टाकून चोर विमान घेऊन गेले?"

"तेच तर! सगळ्यात वजनदार धातू तोच. पण लष्कराच्या हवालदाराला कोण सांगणार? तो सहादूला मारत सुटला होता."

"आणि माळावर काहीच नव्हतं? एखादा पत्रा, काच, तार?"

"काही नाही. हां, तेलाचे रिकामे डबे होते, चाळीसेक. लष्कराला नको होते, म्हणून वडलांनी त्या पंख्याच्याच गाडीत टाकले. घरोघर पिठाला, पाण्याला वापरले लोकांनी. आता एकच उरलाय."

"कुठे आहे?"

"तुम्ही त्याच्यावरच बसलात की."

वाल्मीकराव उठले. डबा उलटा केला. गंजलेल्या बुडाशी ठोकलेला आकडा त्यांनी बोटानं पुसला, आणि तसेच उकिडवे बसून राहिले. आकडा होता १००.

"फकिराशेठ," ते म्हणाले, "हे गाडीचं पेट्रोल नाही. आणि उद्या मला हा डबा घेऊन डोंगर चढायचाय."

४

खिरमाळचा माळ उन्हानं करपला होता. पुंजाबाबा काठी टेकत पुढे चालत होता. वय ऐंशी, पण चालीत वाल्मीकरावांना मागे टाकत होता. चिऱ्यांच्या रांगेत कोण बसणार हे त्याच्या शब्दावर ठरत असे, आणि सहादूच्या बाबतीत तो शब्द चाळीस वर्षं हलला नव्हता. चिमणाबाई झाकण छातीशी धरून दोन पावलं मागून येत होती.

"ह्ये बघा," पुंजाबाबानं काठीनं दाखवलं. "ह्यो माझ्या बाचा बांध. चांगला रचलेला व्हता. सहादूनं फोडला. मी आन् बानं तीन पावसाळे दगडं वाह्यली तवा पुन्ना माती ठरली. त्यानं इमान इकलं त्याचं मला कायबी नाय. पन आमची माती गेली, ती कशी ईसरू?"

बांधाचे मूळचे दगड मोठे होते, शेवाळून काळे पडलेले. मधला डागडुजीचा तुकडा बारीक दगडांचा होता आणि लांबूनही ओळखू येत होता. वाल्मीकरावांनी तो तुकडा पावलांनी मोजला. पंचवीस पावलं. पुढच्या शेतात गेले. तिथल्या बांधालाही तसाच तुकडा, पंचवीस पावलांचाच. तिसऱ्या बांधाला, चौथ्या बांधालाही तेच. मग ते पहिल्या बांधावर परत येऊन उभे राहिले आणि लांबवर बघत राहिले.

"पुंजाबाबा, बैलगाडीला किती जागा लागते?"

"चार पावलं. लय झालं."

"मग पंचवीस कशाला फोडली? आणि गाडीवाट कुठं आहे?"

"ती काय, उगवतीला."

"आणि हे फोडलेले बांध मावळतीकडे चाललेत. चारही एका सुतात. इकडे पुढं काय आहे?"

पुंजाबाबानं काठी मावळतीकडे रोखली. "पुढं कडा हाय," तो म्हणाला.

"कड्यावरून गाडी कोण हाकतं, बाबा?"

वारं सुटलं होतं. चिमणाबाई पुढे आली. वाल्मीकरावांनी डबा बांधावर ठेवला.

"आता नीट ऐका. मोडायच्या विमानाला पेट्रोल लागत नाही, आणि हे तर शंभर नंबरचं, विमानाच्या इंजिनाचं पेट्रोल, चाळीस डबे. पंखा टाकून गेले, कारण तो वाकला होता, नवा बसवला. आक्काच्या घरी आला तो पोटाचा पत्रा, बाहेरून सगळा एकाच दिशेनं खरडलेला, म्हणजे पोटावर उतरताना खराब झालेला. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी कधी काच, पंखाचा पत्रा, शेपटीचा तुकडा निघाला?"

"नाय," पुंजाबाबा म्हणाला. "पोलिसांनी घरं खणली. कायबी नाय निघालं."

"चोरी झाली असती तर चांगला माल गेला असता आणि चांगल्या मालाचे तुकडे मागं राहिले असते. इथं राहिलं ते फक्त मोडकं. दुरुस्ती झाली की मोडकं तेवढं मागं राहतं. त्या शिपायांनी पोटाला नवा पत्रा लावला, जुना सहादूबाबाला दिला. धावायला लांब सरळ वाट हवी, म्हणून बांध काढले. त्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अठ्ठेचाळीस फूट. पंचवीस पावलांत आरामात मावतात. आणि कड्यापर्यंत पळवलं, कारण कड्यापुढे झाड नाही, टेकाड नाही, मोकळी हवा आहे. सहादूबाबा कोर्टात खरं तेच बोलले. ते उडून गेलं."

चिमणाबाईनं झाकण बांधावर, डब्याशेजारी ठेवलं.

पुंजाबाबानं बांधांच्या सुतात कड्यापर्यंत नजर टाकली. मग त्यानं मान हलवली. "तुमचं बोलनं ग्वाड हाय, साहेब. पन उडालेलं पाखरू कुठंतरी बसतंच ना? ह्ये बसलं कुठं? त्येवढं दाखवा. मंग मी सोता चिरा उचलीन."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती. वाल्मीकरावांनी डबा उचलून काखोटीला मारला.

५

परतीच्या एसटीत त्यांनी झाकण मांडीवर घेतलं होतं. चिमणाबाईनं ते त्यांच्याकडेच ठेवलं होतं, आशेनं की निराशेनं, कोण जाणे. गाडी घाटाला लागली. वाल्मीकरावांनी थकून डोळे मिटले आणि बोटं आपोआप भोकांवरून चालायला लागली. सहा, मग जरा अंतर, मग सहा, मग अंतर. कोपरा. जुळी.

"डोळे मिटा आणि मोजा," कुणीतरी म्हणालं.

आवाज गाडीतला नव्हता. अडतीस वर्षांपूर्वीचा, वामनगुरुजींचा होता. पुण्याजवळच्या तांत्रिक शाळेतली पत्र्याची शेड. शेडमध्ये पंख कापलेलं एक जुनं धूड, आणि त्याच्या पोटाखाली उताणी निजलेली वीस पोरं. गुरुजींचा खाक्या असा की रिव्हेटी डोळे मिटून बोटांनी मोजायच्या. डोळा फसतो, बोट फसत नाही. त्या पोटाला एक ठिगळ होतं. 'हे बघा दुरुस्तीचं काम! रानात बसून केल्यासारखं दिसतंय, पण हात सोन्याचा. फक्त या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन रिव्हेटी का मारल्या, देव जाणे.'

कारण खालच्या सांगाड्यालाच ती चुकीची जुळी भोकं होती, गुरुजी! विमान बनवताना कुणाचा तरी बरमा घसरला होता. जुन्या पत्र्याला ती होती, म्हणून नव्या ठिगळालाही आली. एका विमानाच्या अंगावरची खूण, दुसऱ्या कुठल्याच नाही.

वाल्मीकराव चालत्या गाडीत ताडकन उभे राहिले.

"काका, घाटात उभं राहू नका," कंडक्टर ओरडला. "जवळ थांबा नाही!"

"मला उतरायचं नाही," वाल्मीकराव हसत म्हणाले, "मला आठवलंय!"

पंचवटीत पोचताच त्यांनी फोनचं बूथ गाठलं. त्या तांत्रिक शाळेतून संध्या नावाच्या तरुण शिक्षिकेनं फोन घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, शेड पाडायची आहे. मागच्या आठवड्यात ट्रक आला होता..."

वाल्मीकरावांनी बूथची भिंत धरली.

"...पण दारातून ते बाहेरच निघेना. आहे अजून. लवकर या."

६

चौघं गेले. पुंजाबाबा म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी बघनार. आशाताई म्हणाल्या, माझा चमचा यात वाया गेलाय, मी घरी बसणार नाही.

शेडमध्ये ते धूड राखाडी रंगाखाली उभं होतं. १९४८ साली लष्कराकडून शिकवायला म्हणून आलं, एवढंच शाळेच्या दप्तरात होतं. त्याआधीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. वाल्मीकराव वाकून पोटाखाली शिरले. डोळे मिटले. सहा, अंतर, सहा. कोपऱ्यात जुळ्या. पोटापाण्याची विद्या ते याच विमानाखाली शिकले होते, आणि पस्तीस वर्षं याच्या गावापासून दीड तासाच्या वाटेवर राहिले होते.

"पुंजाबाबा, तुम्हीच लावा," ते म्हणाले.

पुंजाबाबा खाली बसला. त्यानं झाकण दोन्ही हातांनी वर धरलं आणि ठिगळावर टेकवलं. आधी बसेना. संध्यानं विजेरी धरली. वाल्मीकरावांनी ते बोटभर डावीकडे सरकवलं, आणि एकदम प्रत्येक भोकात खालच्या रिव्हेटीचं टोपण टेकलं. सगळ्या भोकांत. कोपऱ्यातल्या जुळ्या भोकांत दोन टोपणं. झाकण आता इकडचं तिकडे होईना.

"बसलं," पुंजाबाबा म्हणाला. त्यानं हात खाली घेतले नाहीत. "पाखरू हितं बसलं व्हय! सहादूदादा, तीन पावसाळे मी तुला शिव्या घातल्या रं. एकेक दगडाला एक."

चिमणाबाई विमानाला हात लावून उभी होती. ती रडली ते मोठ्यानं, लाज न धरता. "बा, मला लोकांचं काय नव्हतं रं," ती म्हणाली. "मलाबी वाटायचं तूच चोरलंस. झाकन लपवलं म्हनून. तू कोर्टात खरं बोललास, कुनीच ऐकलं नाय, मंग घरात ह्यो पत्रा घावला असता तर काय केलं असतं त्यांनी तुझं! म्हनून लपवलास. मला कळाया पन्नास वर्सं लागली."

आशाताईंनी तिला जवळ घेतलं. वाल्मीकरावांनी चष्मा पुसला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना छातीत हलकं वाटलं. उगाच काही खोड काढावी असं तिथं काहीच नव्हतं.

"आजी, आता हे विमान कुणी मोडणार नाही, ते मी बघते," संध्या म्हणाली. "पण हा पत्रा इथंच ठेवता का? शेजारी काचेत लावू."

चिमणाबाईनं डोळे पुसले. "नाय बाई. फोटू काढून घे. माझी कणगी उघडी पडलीय, उंदरं नागली खातील."

७

आखाजीला ओल्या सिमेंटात सहादूचा चिरा उभा राहिला. पुंजाबाबानं शब्द पाळला, दोघांनी नको सांगूनही त्यानं चिऱ्याचं एक टोक स्वतःच उचललं. चिऱ्यावर रीतीप्रमाणे चंद्र-सूर्य होते. पाथरवटानं खाली आणखी एक आकृती कोरली होती. त्यानं विमान जवळून कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती घारीसारखी दिसत होती. गाव म्हणालं, शोभतंय.

चिमणाबाईनं बापाला पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास ठेवला. मग पाहुण्यांना घरी नेलं. कणगीत गळ्यापर्यंत नागली होती. तिनं झाकण वर ठेवलं, हातानं नीट दाबलं. कोपऱ्यात शेणाचं घमेलं सारवायला तयार होतं. सून ते पुढे घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे," चिमणाबाई म्हणाली. "आता नाय सारवायचं."

दारातून ऊन येत होतं, आणि झाकण लखलखत होतं.